सांध्यावरची सात घरं

शिंप्याच्या दुकानाची मागची भिंत वर्षभर ओली असायची. प्लंबरने दोनदा नळ उखडला, गवंड्याने दोनदा गिलावा केला, शिंप्याने शेजाऱ्याच्या मोरीवर संशय घेऊन त्याच्याशी सहा महिने अबोला धरला, आणि भिंत आपली ओलीच. शेवटी त्याने नकाशेबाईंना बोलावलं. त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली, कापण्याच्या टेबलावर पसरली, चष्म्यापुढे भिंग धरलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"इथे तळं होतं. तुम्ही तळ्यात बसून शिवताय."

शिंप्याने त्याच दिवशी शेजाऱ्याला घरी बोलावून चहा पाजला.

असा बाईंचा लौकिक. गाव शेतीचं आणि बाजाराचं. धान्याची गोदामं, ट्रॅक्टर दुरुस्तीची दुकानं, एक बँक, एक शाळा, आणि प्रत्येकाला आपल्या वाडवडिलांचं काही ना काही शोधायचं असायचंच. कुणाला बुजलेली विहीर हवी असे, कुणाला आजोबांची वीटभट्टी. बँकेसमोरचा रस्ता सरळ चाललेला असताना मध्येच पोट का काढतो, हेही नकाशेबाईंना ठाऊक होतं. पूर्वी तिथे मोठा खडक होता आणि बैलगाड्या त्याला वळसा घालून जायच्या. खडक कधीच फोडून झाला, वळसा तेवढा राहिला. बाई हे अशा थाटात सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, खडक ह्यांच्या चांगल्या ओळखीतला होता.

कागदोपत्री त्यांचा हुद्दा अनुरेखक. मोजणी कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. नाले, उंचसखलपणा दाखवणाऱ्या वळणदार रेषा, रस्ते, पायवाटा, घरांचे काळे चौकोन, विहिरींची वर्तुळं. शाईजवळ चहा नको म्हणून त्या कचेरीत चहा उभ्याने प्यायच्या, आणि निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी घरीसुद्धा उभ्यानेच. कचेरीत संगणक आले तेव्हा ती सगळी कापडं रद्दीत निघाली. बाई साहेबांच्या दारात जाऊन "ही मला द्या" एवढंच म्हणाल्या, पण अशा काही उभ्या राहिल्या की साहेबांनी स्वतःच शिपायाला टेम्पो आणायला पिटाळलं. तेव्हापासून ती कापडं त्यांच्या पलंगाखाली होती. पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर गेल्या. पाहुणे आले की गाद्यांसाठी शिडी लावावी लागे, पण बाईंचा इलाज नव्हता.

बाईंचे यजमानही त्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर, त्याच हुद्द्यावर. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. कापडांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोघांच्या सह्या होत्या, कुठे बाईंची, कुठे त्यांची. बाई एकट्या असल्या की कधीकधी नकाशा सोडून नुसता कोपराच बघत बसायच्या.

आता बाईंची खोडही सांगून टाकायला हवी. जे नकाशात नाही ते जगात असू शकतं, हे त्यांच्या गळी उतरत नसे. एखादा म्हातारा छातीवर हात ठेवून सांगू लागला, की अमुक ठिकाणी आमच्या लहानपणी पूल होता, तर बाई भिंग पुसत म्हणायच्या, "असेल हो. तुमच्या लहानपणी असेल. इथे नव्हता." गावात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि सगळे मान डोलावतात म्हटल्यावर माणसाला ते आवडू लागतं, तसं बाईंनाही आवडू लागलं होतं.

मान न डोलावणारी व्यक्ती गावात एकच होती, ती म्हणजे त्यांची विहीण.

बाईंची लेक गावातच दिलेली, चार गल्ल्या सोडून. जावयाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. घरात लेक, जावई आणि जावयाची आई. नातवंडं शिकायला बाहेर. ही विहीणबाई म्हणजे पंचाहत्तरीची ठेंगणीठुसकी बाई, तोंडाची टकळी अखंड चालू. लग्नाच्या बैठकीतच त्यांनी नकाशेबाईंना ऐकवलं होतं, "तुमच्याकडची माणसं पट्टी धरल्यासारखी बोलतात हो, सरळ आणि मोजून." त्यावर नकाशेबाई म्हणाल्या होत्या, "आणि तुमच्याकडची पाट फुटल्यासारखी." तेव्हापासून दोघींचं फार छान जमायचं. आठवड्यातून तीनदा भेटल्याशिवाय आणि निदान एकदा खटका उडाल्याशिवाय दोघींना चैन पडत नसे.

तीन वर्षांपूर्वी एकदा विहीणबाई आल्या त्या नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलू लागल्या.

"माझी वस्ती शोधून द्या ना."

त्यांचा जन्म ह्याच गावाच्या उत्तरेला, फळबागेवर काम करणाऱ्यांच्या एका वस्तीतला. पाचसात घरं, एक विहीर, तुतीच्या झाडांची रांग. त्या नऊ वर्षांच्या असताना कालवा आला, बाग मोडली आणि वस्ती उठली. माणसं वाट फुटेल तिकडे गेली. ह्यांची रवानगी दूरच्या काकाकडे झाली. अकरा वर्षांनी सून होऊन त्या पुन्हा ह्याच गावात आल्या, तर वस्तीची खूणही शिल्लक नव्हती, आणि होती म्हणून सांगणारंही कुणी भेटलं नाही.

"त्या कालव्याच्या आधीचा नकाशा आहे माझ्याकडे," नकाशेबाई म्हणाल्या. "आम्हीच उतरवलाय तो."

गावाची उत्तर बाजू दोन नकाशांत विभागलेली होती. त्यांनी आधी डावा काढला, बोटाबोटाने तपासला आणि गुंडाळून ठेवला. मग उजवा काढला, तोही तपासला. आणि कचेरीतल्या साहेबाच्या आवाजात सांगून टाकलं, "काही नाही. इथे वस्ती नव्हती, विहीणबाई. तुम्हाला काकांचं गाव आठवत असणार. लहानपणी असं होतं."

विहीणबाई त्यावर भांडल्या नाहीत. चहाही न घेता गेल्या. नकाशेबाईंना तेव्हा, खरं सांगायचं तर, जिंकल्यासारखं वाटलं.

पुढे विहीणबाई विसरू लागल्या. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग गॅसवर ठेवलेलं दूध. ह्या वर्षी तर त्या दोनदा घरातून एकट्या निघून गेल्या. दोन्ही वेळा सापडल्या त्या उत्तरेच्या बियाणं-गोदामाच्या मागे, कालव्याकाठच्या मोकळ्या जमिनीवर उभ्या. काय करताय विचारलं तर म्हणाल्या, "घरी आलेय."

 जावई आईला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, तिथे खरंच कधी त्यांचं घर होतं का? जावई म्हणाले, "नाही हो. माझ्या सासूबाई नकाशांतल्या जाणकार आहेत. त्यांनी जुना नकाशा बघून सांगितलंय, तिथे कधीच काही नव्हतं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. कधीच नसलेल्या घराच्या शोधात फिरतात, असं काहीसं.

मग फाटकाला कुलूप आलं. त्यानंतर शहरातल्या एका केंद्राचं माहितीपत्रक आलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवून घेत, चोवीस तास सांभाळणारी बाई असे, आवाराला उंच भिंत. एक तारखेपासून जागा मिळणार होती. जावई वाईट माणूस नव्हते. आई एक दिवस कालव्यात पडेल ह्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती, आणि बायकोचा ह्याला विरोध होता म्हणून घरात दोघांचं बोलणंही कमी झालं होतं.

महिना संपायला नऊ दिवस असताना नकाशेबाई विहिणीला भेटायला गेल्या. विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. नेहमीसारखी काहीतरी खोच मारतील म्हणून नकाशेबाई वाट बघत राहिल्या. पण विहीणबाई म्हणाल्या, "बहुतेक नव्हतीच हो वस्ती."

"असं का म्हणता?"

"तुमचा नकाशा कशाला खोटं बोलेल? माझ्याच डोक्यात काहीतरी भरलं असणार. आता तर मला वाटतं, आई तरी होती का मला. चेहरा दिसतो तिचा, पण तो चेहरा तरी खरा कशावरून?"

 ही बाई त्यांच्याशी पंचवीस वर्षं भांडत आली होती, पट्टी, फूटपट्टी, मोजणी कचेरी अशी सतरा नावं त्यांना ठेवत आली होती, आणि आज ती त्यांचं म्हणणं मुकाट्याने मान्य करत होती. बाईंना ते सहन होईना. जिंकायचं होतं, पण हे असं नव्हतं जिंकायचं.

घरी येऊन त्यांनी पलंगाखालून दोन्ही कापडं पुन्हा ओढली. ह्या वेळी एकेक करून बघायचं नाही असं ठरवलं. टेबल पुरेना म्हणून खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या, फरशी पुसली, सुकू दिली, आणि डावा नकाशा व उजवा नकाशा चौकटीला चौकट भिडवून जमिनीवर अंथरले. चौतीस वर्षांत त्यांनी आपलं काम असं गुडघ्यांवर बसून कधी बघितलं नव्हतं.

नाला इकडून तिकडे बिनबोभाट जुळला. उंचीच्या रेषाही जुळल्या. मग त्यांची नजर एका पायवाटेवर गेली. डाव्या नकाशात गावाकडून तुटक तुटक रेघांची एक पायवाट निघाली होती, उत्तरेकडे चालत चालत चौकटीजवळ यायची, आणि बोटभर अंतर राहिलं असताना एकदम संपायची. उजव्या नकाशात नाल्याकडून दुसरी पायवाट येत होती, तीही अलीकडेच थांबली. तिसरी बागेकडून, तिचंही तेच. तिन्ही वाटा तीन बाजूंनी एकाच जागेकडे निघालेल्या, आणि पोचली एकही नाही.

नकाशेबाईंनी कपाळावर हात मारला. माणसं पायवाट पाडतात ती कुठेतरी पोचण्यासाठी. तीन बाजूंनी चालत येऊन मोकळ्या माळावर उभं राहायला कुणाला वेळ असतो? मधल्या त्या बोटभर पट्टीत काहीतरी होतं, आणि ते कापडावर उतरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या जिल्ह्याच्या मोठ्या मोजणी कचेरीत गेल्या. ज्या कागदांवरून त्यांनी नकाशे उतरवले ते मूळ कागद तिथल्या अभिलेख खोलीत असायला हवे होते. खोलीचा ताबा असलेला कारकून जांभई देत म्हणाला, "ते वाळवीने खाल्ले असणार, बाई." बाई म्हणाल्या, "खाल्ले असतील तर खाल्लेले दाखवा." कारकुनाने शिडी लावली. दीड तास धूळ खाऊन, सहा शिंका देऊन तो दोन गुंडाळ्या घेऊन उतरला. उजव्या कागदाची खरंच चाळण झाली होती, पण डावा शाबूत होता.

बाईंनी तो उलगडला. पायवाट गावाकडून आली, चौकटीपर्यंत गेली, आणि चौकट ओलांडून समासात शिरली. तिथे काळे चौकोन होते. चार चौकटीच्या आत, तीन चौकटीच्या बाहेर, दारातून डोकावणाऱ्या पोरांसारखे. शेजारी विहिरीचं वर्तुळ आणि झाडांची एक रांग.

"सात," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"काय सात?" कारकुनाने विचारलं.

बाई चौकोनांवरून बोट फिरवत होत्या. त्यांना सगळं आठवत होतं. दोन नकाशांच्या सांध्यावर जे येईल ते डाव्या नकाशावर बसलेल्याने काढायचं, चौकटीबाहेर गेलं तरी चालेल, आणि उजवीकडच्याने सोडून द्यायचं, हा कचेरीतला नियम होता. बाई डाव्या टेबलावर बसत आणि उजव्या टेबलावर तो नवीन, अबोल तरुण. नाले झाले, उंचीच्या रेषा झाल्या, शेवटचं घरांचं आणि वाटांचं काम उरलं. त्या दिवसांत बाईंच्या टेबलावर सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत यायचं. एका सकाळी तो तरुण, जो दोन महिन्यांत त्यांच्याशी धड चार वाक्यंही बोलला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी बसा. मला उन्हाची सवय आहे." ताणलेली कापडं हलवता येत नाहीत, म्हणून माणसांनी जागा बदलल्या. बाई उजव्या नकाशावर आल्या, तो डाव्यावर गेला.

मग सांध्याची पट्टी आली. बाईंनी नियम पाळला. आपण आता उजवीकडे आहोत, म्हणजे सोडायचं. त्याने सवय पाळली. आपण नेहमी बोटभर आधी थांबतो, तसा तो थांबला. आणि दोघंही एकमेकांकडे चोरून बघण्यात इतके गुंतलेले की कुणी कुणाला विचारलं नाही. तपासायला आलेल्या साहेबांनी नाला जुळतोय एवढं बघून सही ठोकली. चार महिन्यांनी दोघांचं लग्न झालं.

"अहो, काय करून बसलो आपण," नकाशेबाई त्या खोलीत म्हणाल्या, आणि त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं. कारकुनाने घाबरून पाणी आणलं.

फोटो काढा आणि सुटा, असं तो सांगत होता. पण बाईंनी पिशवीतून पारदर्शक कागद काढला, पेन काढलं, आणि सावकाश ती बोटभर पट्टी उतरवायला घेतली. एका चौकोनाला दहा मिनिटं लागली. कारकून आधी घड्याळ बघत होता, मग खुर्ची ओढून कागदाचं एक टोक धरून बसला.

बसमधून उतरून बाई तडक लेकीकडे गेल्या. जावई नुकतेच दुकानातून जेवायला आले होते. विहीणबाई खिडकीशीच होत्या.

"सगळे बसा," नकाशेबाई म्हणाल्या. स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. "वस्ती होती. सात घरं होती. माझ्या नकाशात नव्हती, कारण मी उतरवलीच नाहीत. चूक माझी आहे. थोडी ह्यांचीही आहे, पण ते आता सांगायला नाहीत, तेव्हा सगळी माझीच धरा."

जावई ताटावरून उठले. "म्हणजे? आई खरं सांगत होती?"

"शब्द न् शब्द. जावईबापू, डॉक्टरांना तुम्ही जे सांगितलंत ना, ते माझ्या चुकीवरून सांगितलंत."

लेकीने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी कागद पुढे केला, पण विहीणबाईंनी तो घेतला नाही. त्या खिडकीतून बाहेरच बघत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी मी विचारते, तुम्ही सांगा. विहीर कुठल्या हाताला?"

"गावाकडून गेलं तर डाव्या."

"झाडं?"

"सहा."

"सातवं विहिरीत वाकलं होतं, ते बाबांनी तोडलं. नाल्यावर फळी आहे?"

"फळी नकाशात काढत नाहीत, विहीणबाई."

"मग काय उपयोग," विहीणबाई म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांनी तो जुना खोचक आवाज ऐकून लेकीच्या डोळ्यांना पाणी आलं. पण लगेच विहीणबाईंचा सूर फिरला. त्यांनी नकाशेबाईंकडे मान वळवली. "तीन वर्षं. तीन वर्षं तुम्ही मला माझ्याच घरात वेडी ठरवलंत. मला माझ्या आईचा चेहरा खोटा वाटायला लागला, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"एवढी कसली घाई होती तुम्हाला तेव्हा, की सात घरं दिसली नाहीत?"

मग नकाशेबाईंनी तेही सांगितलं. ऊन, टेबल, जागांची अदलाबदल, चोरून बघणं, सगळं. आपल्या लेकीसमोर आणि जावयासमोर हे सांगताना त्या कानापर्यंत लाल झाल्या, पण काही गाळलं नाही.

विहीणबाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुमचं लग्न जमावं म्हणून माझं घर गेलं."

"हो."

"निदान संसार तरी नीट झाला का?"

"झाला. फार चांगला झाला."

 "मग असू दे," विहीणबाई म्हणाल्या, आणि हात पुढे करून कागद मागितला.

एक तारखेचं जाणं रद्द झालं, हे इथेच सांगून टाकतो. विहीणबाईंचं विसरणं काही थांबलं नाही. दूध पुढेही उतू गेलं, शेजारणीला त्या अजूनही भलत्याच नावाने हाक मारतात. फक्त डॉक्टरांनी आपल्या कागदावरची ती एक ओळ खोडली, आणि जावयांनी दर रविवारी सकाळी आईला हवं तिकडे स्वतः घेऊन जायचं ठरवलं. पण पहिल्या रविवारचं सांगायचं राहिलं.

त्या सकाळी चौघं बियाणं-गोदामाच्या मागे गाडीतून उतरली. समोर गुडघाभर गवत, पलीकडे कालव्याचा बांध. नकाशेबाईंनी सवयीने पिशवीत हात घातला, कागदाला बोटं लागली, आणि त्यांनी हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"विहीणबाई, तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या.

विहीणबाई चालू लागल्या. घरात भिंतीचा आधार घेणारी बाई तिथे कुणाचा हातही न धरता चालत होती. एका जागी वळून म्हणाल्या, "इकडून नको, तिथे कुत्रा बांधलेला असायचा." चौघंही वळसा घालून गेली. विहीर दाखवली, झाडं दाखवली. जिकडे बोट करतील तिकडे गवतच होतं, आणि तरी सगळी जण तिकडे नीट निरखून बघत होती. मग एका ठिकाणी त्या थांबल्या, पाऊल उचलून गवतातच उंबरा ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"या," त्या नकाशेबाईंना म्हणाल्या. "डोकं सांभाळा. चौकट बुटकी आहे."

नकाशेबाई अंगाने चांगल्या उंच. त्यांनी पदर सावरला, कमरेत वाकल्या आणि त्या उघड्या माळावर जपून आत गेल्या. मागून त्यांची लेक गेली, तीही वाकून.

जावई एकटेच बाहेर राहिले. हातात गाडीची किल्ली. फाटकाचं कुलूप त्यांनीच आणलं होतं, केंद्राला फोनही त्यांनीच केला होता. पाय पुढे टाकायचा त्यांना धीर होईना.

"आई, मी येऊ का आत?"

विहीणबाईंनी आतून वळून त्यांच्याकडे बघितलं.

"विचारतोस काय असा दारात उभा राहून? तुझं आजोळ आहे रे हे."

जावई एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांनी बूट काढले, बाजूला नीट जोडून ठेवले, आणि वाकून पहिल्यांदा आपल्या आजोळी गेले.